आपोआप न टिकणारे : संग्रहालयात येणाऱ्या दागिन्यां-वस्त्रांविषयी

संग्रहालयात एखादा दागिना किंवा एखादे वस्त्र नव्याने दाखल झाले की पाहणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात: हे किती जुने आहे आणि याची किंमत काय असेल? पाषाणमूर्ती, ताम्रपट किंवा नाणे यांच्या बाबतीत हे प्रश्न बऱ्यापैकी कामाचे आहेत. दागिने आणि वस्त्रे यांच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करतात. मूर्ती शेतात गाडली गेली तरी हजार वर्षे राहते. सोन्याचा सर आणि सुती लुगडे यांना तशी मुभा नसते. सोने वितळवता येते, म्हणून त्याची किंमतच त्याच्या घाटाच्या मुळावर येते. कापड अंगावर वापरायचे असते, म्हणून त्याचा उपयोगच त्याला संपवतो. यातून जे उरते ते कोणीतरी विचारपूर्वक निवडलेले नसते. श्रीमंती, योगायोग आणि न वापरणे या तीन गोष्टी मिळून ती निवड करतात. पुढील विवेचनात मला एकच गोष्ट मांडायची आहे. दागिन्यां-वस्त्रांची नवी भर घालताना संग्रहालयाने या आपोआप झालेल्या निवडीच्या विरुद्ध दिशेने काम केले पाहिजे, आणि वस्तू स्वीकारताना तिची हकीकतही तितक्याच काळजीने स्वीकारली पाहिजे. हकीकतीवाचून आलेला दागिना बहुतांशी धातू असतो आणि हकीकतीवाचून आलेले वस्त्र बहुतांशी नक्षी असते.

प्रथम दागिन्यांचा विचार करू. आपल्याकडे सोने ही शोभेची वस्तू होती, तशीच ती अडीअडचणीची शिल्लकही होती. स्त्रीधन म्हणून मिळालेल्या पाटल्या, गोठ, पुतळीमाळ किंवा बोरमाळ दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात सोनाराच्या तराजूत जात. मोड देताना लाख, खडे, मणी बाजूला काढले जात, घट वजा होई आणि राहिलेल्या सोन्याचा नव्या चालीचा दागिना घडे. म्हणजे सोने पिढ्यान्‌पिढ्या घरातच राही, पण घाट दर पिढीला पुसला जाई. पातळ पत्र्याच्या आत लाख भरून केलेल्या दागिन्यांचे तर मोडीत फारसे काही हाती येत नसे. तरी जुने झाले, चेपले, की तेही मोडले जात. त्यात कायद्याची भर पडली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर ज्यांचा हात बसला होता अशा असंख्य सोनारांचे काम एकाएकी थांबले. शुद्धतेची ती मर्यादा काही वर्षांत उठली. तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. या काळात ज्यांनी पिढीजात व्यवसाय सोडला, त्यांच्याबरोबर ठशांचे साचे, कामाची परिभाषा आणि हाताची सवयही गेली. आज एखादी जुनी वज्रटीक संग्रहालयाकडे येते, तेव्हा ती कशी घडवली हे सांगू शकणारा माणूस हयात आहे का, हा प्रश्न तिच्या वजनापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

कापडाची कथा याहून करुण आहे. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. त्यामुळे विरलेल्या पैठण्या आणि शालू चांदीसाठी विकत घेऊन जाळण्याचा धंदा दीर्घकाळ चालला. ज्या पदरावर विणकराने महिनोन्‌महिने मोर, मुनिया आणि आसावली भरली, त्याचा शेवट राखेतून निघालेल्या चांदीत झाला. जे जाळले गेले नाही त्याला प्रकाश, घाम, कसर आणि घडीची रेघ यांनी गाठले. लोहाच्या रंगबंधकाने काळे केलेले सूत तर त्या रंगामुळेच कालांतराने ठिसूळ होऊन झडते, आणि मग नक्षीतला काळाच भाग नाहीसा झालेला दिसतो. रोजच्या वापरातल्या सुती लुगड्याचा प्रवास आणखी लांब असे. ते फाटले की त्याचे दंड घातले जात, मग त्याची दुपटी-बाळोती होत, मग गोधडी, आणि शेवटी पोतेरे. वर्षातून एकदोनदा नेसलेला शालू पेटीत राहिला, आणि रोज नेसलेले लुगडे कुठेच राहिले नाही. परिणामी आपल्या संग्रहालयांतली वस्त्रदालने पाहिली तर महाराष्ट्रातल्या स्त्रिया जरीकाठात वावरत होत्या असे वाटावे. प्रत्यक्षात विसाव्या शतकातल्या मराठी घरांत गिरणीचे पातळ आणि गिरणीचे धोतर यांचाच वावर मोठा होता. मुंबईत कापडगिरण्यांची सुरुवात १८५४ मध्ये झाली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर तो उद्योग शहरातून जवळजवळ पुसला गेला. इतक्या माणसांनी विणलेले आणि त्याहून कितीतरी अधिक माणसांनी नेसलेले हे कापड कलासंग्रहात क्वचितच आढळते.

वस्तू नाहीशा होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते संग्रहालयांनी फार गांभीर्याने घ्यायला हवे. काही दागिने आणि वस्त्रे माणसांनी जाणूनबुजून टाकून दिली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. गळ्यातल्या अनेक गळसऱ्या, हातभर घातलेले कथलाचे आणि चांदीचे दागिने, विशिष्ट पद्धतीने आखूड नेसलेले लुगडे या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत. त्या टाका आणि नीटनेटक्या राहा, असे त्यांनी सांगितले. तो उपदेश स्त्रियांनी मनावर घेतला. ज्या दागिन्याने अंगावर जात लिहिली होती, तो उतरवणे ही मुक्तीची कृती होती. दुसरे उदाहरण त्याच दशकातले. जुलै १९२१ च्या अखेरीस मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. तिथे जळालेले कपडे कोणाचे होते, कुठून आले होते, ते कसे शिवले होते, हे आता त्या राखेला विचारता येत नाही. या दोन्ही घटना सांगतात की दागिना आणि वस्त्र सत्तेच्या, अपमानाच्या आणि प्रतिकाराच्या इतिहासाचा भाग असतात. कथलाची गळसरी संग्रहालयात आली आणि तिच्याखाली फक्त ‘ग्रामीण अलंकार’ एवढेच लिहिले, तर ती घालायला लावणाऱ्या व्यवस्थेवर आपण पांघरूण घातले असे होईल. तिच्याखाली १९२७ चे महाड लिहिले, तर तीच गळसरी संपूर्ण दालनाला अर्थ देईल.

संग्रह करणाऱ्याने कोणते प्रश्न विचारले यावर संग्रहातून काय शिकता येईल हे ठरते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एकोणिसाव्या शतकात सापडतो. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरी पाहून ब्रिटिश उद्योजक चकित झाले. पुढे १८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून त्याचे २० संच तयार केले. हे खंड इंग्लंडातल्या कारखानदारांना भारतीय गिऱ्हाईक काय वापरते हे कळावे आणि तसेच कापड यंत्रावर करून इकडे विकता यावे, यासाठी होते. त्यांत गाव, लांबी, रुंदी, वजन यांच्या काटेकोर नोंदी आहेत. अखंड वस्त्रे कापून केलेले ते तुकडे आजच्या संशोधकाला अनमोल वाटतात. पण कापड विणणाऱ्याचे नाव त्यात नाही, कारण खरेदीदाराला त्या नावाशी कर्तव्य नव्हते. याच काळात मुंबईत जॉर्ज बर्डवुड यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आणि १८७२ मध्ये भायखळ्याला खुले झालेले संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, कारागिरीचा गौरव करणारे होते. तरी तिथेही माणसे मुख्यतः जातिजमातींच्या पेहरावाचे नमुने म्हणून मातीच्या लहान पुतळ्यांत उभी राहिली. नोंद काटेकोर असणे पुरेसे नाही, ती कोणाच्या बाजूने केली हेही पाहावे लागते, हा या दोन उदाहरणांचा धडा आहे.

याउलट वाट दाखवणारा माणूस आपल्याकडेच होऊन गेला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रह सुरू केला, तेव्हा अडकित्ते, दिवे, वज्री, फणेरपेट्या, वाड्यांचे दरवाजे यांना कोणी कला मानत नव्हते. बोहारणीला द्यायच्या किंवा भंगारात घालायच्या त्या वस्तू होत्या. आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी उभे केलेले संग्रहालय आज हजारो वस्तू सांभाळते, आणि त्यातले स्वयंपाकघर व शृंगाराची साधने पाहताना मराठी बाईच्या दिवसाचा आकार समजतो. अहमदाबादला १९४९ मध्ये साराभाई कुटुंबाने स्थापन केलेल्या कॅलिको संग्रहालयाने कापडाला स्वतंत्र अभ्यासाचा विषय म्हणून मान्यता मिळवून दिली. या दोन्ही ठिकाणी संग्राहकाने बाजारभावाच्या पलीकडे पाहिले, म्हणून आज आपल्याला पाहायला काही उरले आहे.

हकीकतीची किंमत किती, हे समजण्यासाठी एक तुलना पुरे. भारत सरकारने १९९५ मध्ये हैदराबादच्या निजामांचे १७३ जडजवाहीर सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. ती खरेदी योग्य होती. देशाबाहेर विखुरला गेला असता असा संग्रह एकत्र राहिला. पण त्याविषयीची बहुतेक चर्चा जेकब हिऱ्याच्या १८४.७५ कॅरेट वजनाभोवती फिरते. ते हार कोणी गुंफले, कुंदन कोणी बसवले, मीनाकारी कोणाच्या हातची, याविषयी सामान्य प्रेक्षकाच्या पदरात फार थोडे पडते. लंडनमध्ये सोन्या-चांदीच्या वस्तूंवर १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर उमटवले जाते आणि कारागिराची खूणही त्याआधीपासून असते. आपल्या जुन्या दागिन्यांवर असे काही नाही. भारतात २००० मध्ये सुरू झालेले आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग शुद्धतेची हमी देते, दागिन्याला ओळख क्रमांक देते, पण घडवणाऱ्या हाताचे नाव त्यातही नाही. वस्तू स्वतः पुष्कळ बोलते हे खरे. लाल रंगात कृत्रिम अलिझरीन सापडले तर ते कापड १८६९ नंतरचे, निळ्यात कृत्रिम नीळ सापडली तर बहुधा १८९७ नंतरचे. क्ष-किरणाखाली नथीतला मोती नैसर्गिक की कल्चर्ड हे कळते, आणि नैसर्गिक असेल तर इराणच्या आखातातून बसरामार्गे चाललेला व्यापार डोळ्यांसमोर येतो. पुतळीमाळेतल्या पुतळ्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांशी नाते सांगतात. पण कोल्हापुरी साजातल्या कोणत्या पानाला घरात काय म्हणत, तो कोणत्या दिवशी गळ्यात चढे आणि कोणत्या प्रसंगानंतर कायमचा उतरे, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. गोव्याच्या कुणबी लुगड्याचा लाल चौकडा तपासून सूत आणि रंग कळतील. खांद्यावरची गाठ कशी मारायची आणि त्या नेसण्याने शेतात वाकून काम करणे का सोपे होई, हे नेसणारीच सांगू शकते.

या भूमिकेवर पहिला आक्षेप कलेच्या बाजूने येतो. शोभाकलांचे संग्रहालय हे उत्कृष्टतेचे घर आहे. तिथे गोधडी आणि कथलाचे दागिने आणून बसवले तर ते लोकजीवनाचे कोठार होईल आणि कलेचा निकष सैल पडेल, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. सगळेच सारखे मानणारा संग्रह काहीच शिकवत नाही. पण उत्कृष्टता ओळखायची तर तिच्या शेजारी सर्वसाधारण काम हवे. शंभर पैठण्यांमध्ये एक पैठणी उठून दिसत नाही. साध्या काठाच्या लुगड्याशेजारी ठेवली की विणकराने काय साधले ते दिसते. शिवाय कौशल्य फक्त महाग मालातच राहते हा समज टिकणारा नाही. उत्तम गोधडीतली टाक्यांची समांतर रांग, तुकड्यांची रंगसंगती आणि आतल्या थरांची निवड यांत नजर आहे, हात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोधडीच्या पोटात एरवी नष्ट झालेली लुगडी थराथराने जपलेली असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१४ मध्ये घडत्या घटनांशी जोडलेल्या वस्तू तत्परतेने घेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात २०१३ मध्ये बांगलादेशात कोसळलेल्या राणा प्लाझा इमारतीशी संबंधित एक स्वस्त पँट घेतली गेली. त्या दुर्घटनेत अकराशेहून अधिक माणसे मेली. ती पँट सुंदर म्हणून तिथे नाही. आपल्या अंगावरचे कापड कोणाच्या जिवावर तयार होते हे त्या वस्तूइतके थेट दुसरे काही सांगत नाही, म्हणून आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: जागा नाही, पैसा नाही, माणसे नाहीत. हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. रेशीम आणि रंगीत सूत यांना प्रकाशाने झालेली इजा भरून येत नाही आणि ती साचत जाते. म्हणून अशी वस्त्रे साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात, तीही काही महिनेच, मांडतात आणि मग अंधारात विसावा देतात. म्हणजे स्वीकारलेल्या प्रत्येक वस्त्रासाठी कपाट, आम्लरहित कागद, योग्य आर्द्रता आणि जाणकार हात वर्षानुवर्षे लागतात. यावर उपाय आहे तो नकार देण्याचे धैर्य. पन्नासावी उत्तम पैठणी केवळ मोठ्या घराण्याने दिली म्हणून घेऊ नये. तिच्या जागी सोलापूरचे, मालेगावचे किंवा मुंबईच्या गिरणीचे एक नोंद असलेले कापड घ्यावे. सुरक्षेचा खर्चही इथे वेगळा पडतो. जर्मनीत ड्रेस्डेन येथील ग्रीन व्हॉल्टमधून २०१९ मध्ये चोर हिरेजडित अलंकार घेऊन गेले. चोरांना हिऱ्यांचे मोल हवे असते. चांदी, पितळ, लाख, काच यांच्या दागिन्यांत ज्ञान तितकेच असून जोखीम पुष्कळ कमी असते. मर्यादित पैशात अधिक अर्थ हवा असलेल्या संग्रहालयाने याचा विचार करावा.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे. जिवंत वापरातली वस्तू काचेत नेऊन ठेवण्याचा अधिकार कोणी दिला? बंजारा, धनगर, आदिवासी किंवा कुणबी कुटुंबांतून अडचणीच्या वेळी स्वस्तात निघालेले दागिने संग्रहात येतात, तेव्हा संग्रहालय त्या अडचणीचा लाभ घेत नाही का? घेऊ शकते, आणि म्हणून नवी भर घालण्याचे नियम लेखी आणि उघड असले पाहिजेत. जे वापरात आहे ते घेऊ नये. त्याची फक्त नोंद आणि छायाचित्रे करून ते घरी राहू द्यावे. जे विकले जाणारच आहे त्याची योग्य किंमत द्यावी, आणि देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, त्याच्या शब्दांतल्या हकीकतीसह नोंदवावे. दलालाकडून निनावी माल घेण्याचे शक्यतो टाळावे. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण देतो. साठ वर्षांपूर्वीचा चांदीचा तोडा किंवा भरतकाम केलेली काचोळी त्याच्या कक्षेत येत नाही, आणि ती नेमकी आज वितळत आहे किंवा परदेशी बाजारात जात आहे. कायदा जिथे पोहोचत नाही तिथे संग्रहालयाची सजगता पोहोचली पाहिजे. संग्रहालय मागे हटले म्हणून ती वस्तू घरात राहतेच असे नाही. बहुतेक वेळा ती मुशीत जाते.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा: उत्तम छायाचित्र आणि चित्रफीत असताना वस्तूच कशाला हवी? छायाचित्र नेसण्याची पद्धत, गाठ, चाल टिपते आणि ते प्रत्येक वस्तूबरोबर असलेच पाहिजे. पण ते वजन देत नाही, विणीची उलटी बाजू देत नाही, धातूतले मिश्रण किंवा धाग्याचा पीळ देत नाही. फोर्ब्स वॉटसन यांनी चित्रांऐवजी खरे तुकडे चिकटवले ते याच कारणाने, आणि त्यांचा हेतू काहीही असो, त्यांचा हा निर्णय काळाने खरा ठरवला. दीडशे वर्षांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही नसलेल्या चाचण्या आज त्या तुकड्यांवर करता येतात. उद्याचे अभ्यासक काय विचारतील हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून वस्तू आणि तिची हकीकत दोन्ही त्यांच्या हाती देणे हे आपले कर्तव्य ठरते.

तेव्हा संग्रहालयातल्या नव्या दागिन्याकडे किंवा वस्त्राकडे पाहताना वाचकाने आधीचे दोन प्रश्न बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू येण्याआधी या संग्रहात कोणाची जागा रिकामी होती? ती कोणी घडवली, कोणी वापरली आणि का सोडली, हे तिच्याबरोबर नोंदवले आहे का? आणि ती आज घेतली नसती तर ती कुठे गेली असती? ज्या वस्तूला या तिन्हींची उत्तरे आहेत ती कथलाची असो वा सोन्याची, तिने संग्रहालय समृद्ध केले असे मी मानेन. ज्या वस्तूला एकाचेही उत्तर नाही, तिचा भाव कितीही असो, ती तिजोरीत शोभेल. सार्वजनिक पैशांवर आणि लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या संस्थेकडून ही उत्तरे मागणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. तो हक्क जितक्या आग्रहाने बजावला जाईल, तितकी आपली दालने आपल्या सर्वांच्या अंगावरचा इतिहास सांगू लागतील.